तारा, ग्रहण आणि राजा : आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांतील शकुन व राजकीय भाकिते कशी वाचावीत

वांद्र्यापासून वसईपर्यंत नाताळात घरोघरी जो तारा लागतो, त्याच्या मुळाशी सत्तांतराची बातमी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे मागी लोक यरुशलेमात येतात आणि यहुद्यांचा राजा कोठे जन्मला आहे, अशी चौकशी करतात. हा प्रश्न ते हेरोद राजा गादीवर असताना त्याच्याच राजधानीत विचारतात, आणि म्हणूनच तो ऐकून हेरोद घाबरतो व त्याच्याबरोबर सारे शहरही अस्वस्थ होते. पहिल्या ते पाचव्या शतकांतील ख्रिस्ती लेखनात जिथे जिथे तारा, धूमकेतू किंवा ग्रहण येते, तिथे बहुतेक वेळा जवळच एखादा राज्यकर्ता असतो, आणि तो कोण हे ओळखल्याशिवाय त्या उताऱ्याचा अर्थ लागत नाही. ग्रीक किंवा लॅटिन न येणाऱ्या, पण हे ग्रंथ स्वतः वाचू इच्छिणाऱ्या मुंबईकर वाचकासाठी ही वाचनपद्धती मांडत आहे.

तयारी

मराठी पवित्र शास्त्र हाताशी असावे आणि त्यातील काही अध्याय आधी वाचून काढावेत : गणना पुस्तकाचा २४वा अध्याय, दानीएलाचे २ व ७ हे अध्याय, मत्तयाचा २रा आणि प्रकटीकरणाचे १२, १३ व १७. बायबलबाहेरच्या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांची, म्हणजे जस्टिन, टर्टुलियन, ओरिजेन, लॅक्टॅन्शियस, युसीबियस, ऑगस्टीन यांची, एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरे आता स्वामित्वहक्काच्या बाहेर असल्याने इंटरनेटवर मोफत मिळतात. पुस्तक समोर ठेवून, टिपणे काढत बसायचे असेल तर फोर्टमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील, १९२६ साली फादर हेरास यांनी स्थापन केलेली हेरास संस्था या दोन जागा आधी पाहाव्यात. प्रवेशाचे नियम मात्र जाण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

आकाशाची पडताळणी करण्यासाठी स्टेलॅरियमसारखे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे, पण त्यात एक खाचखळगा आहे. इतिहासाच्या कालगणनेत इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, खगोलशास्त्रीय गणनेत मात्र शून्य हे वर्ष असते. म्हणून इ.स.पू. ७ पाहायचे असेल तर सॉफ्टवेअरमध्ये उणे ६ हे वर्ष घालावे लागते. स्थळ यरुशलेम ठेवून त्या वर्षी मीन राशीतील गुरु आणि शनी पाहिले, तर ते वर्षभरात तीनदा एकमेकांजवळ आलेले दिसतात. बेथलेहेमच्या ताऱ्याचा संबंध या युतीशी जोडण्याची कल्पना केप्लरच्या काळापासून चालत आली आहे. पण त्या तिन्ही वेळी दोन ग्रहांमध्ये सुमारे एक अंशाचे अंतर राहिले होते. २१ डिसेंबर २०२० रोजी सूर्यास्तानंतर हेच ग्रह अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ आले होते. तो देखावा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना इ.स.पू. ७ मध्ये दोन ग्रह मिळून एकच तारा दिसला असेल हे पटणार नाही. माझ्या मते नवख्या वाचकाने या शोधात फार वेळ घालवू नये. मत्तयाला तो तारा कशासाठी हवा होता, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

पहिला प्रश्न : गादीवर कोण आहे?

रोमन सत्तेला आकाशाची भीतीही वाटे आणि गरजही भासे. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या वधानंतर काही महिन्यांत दिसलेला धूमकेतू म्हणजे देवपदाला पोहोचलेला सीझर, असे त्याच्या वारसाने, म्हणजे पुढे सम्राट झालेल्या ऑगस्टसने, लोकांच्या मनावर बिंबवले आणि तो तारा नाण्यांवर आणला. याच ऑगस्टसने आपली कुंडली जाहीर केली, मकर रास नाण्यांवर छापली, आणि इ.स. ११ मध्ये कोणाच्याही मृत्यूविषयी ज्योतिषाला विचारण्यावर बंदी घातली. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. राजाचे भविष्य राजानेच सांगावे, इतरांनी ते विचारणे हा कटाचा आरंभ समजावा, असा तो कायदा होता. नीरोच्या काळी धूमकेतू दिसला तेव्हा बाल्बिलस या ज्योतिष्याने, राजे असे अरिष्ट एखाद्या मोठ्या माणसाचा बळी देऊन टाळतात, असे सांगितल्याचे रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून मत्तयाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा. हेरोदाची भीती आणि बालकांची हत्या हा त्या काळच्या वाचकाला ओळखीचा क्रम होता. याच चौकटीतली एक हकिकत युसीबियसने हेगेसिप्पस या जुन्या लेखकाच्या आधारे जपून ठेवली आहे आणि ती मला या साऱ्या विषयातील सर्वांत बोलकी वाटते. दाविदाच्या वंशातून राजा येणार या भाकितामुळे सम्राट डोमिशियनने येशूचा भाऊ यहूदा याच्या नातवांना समोर आणवले. तुमच्याकडे संपत्ती किती, असे विचारल्यावर त्यांनी दोघांत मिळून ९,००० दिनारांची मालमत्ता आहे, तीही रोख नव्हे तर ३९ प्लेथ्रा (जमीन मोजण्याचे ग्रीक माप) शेतजमिनीच्या रूपात, आणि ती आम्ही स्वतः कसतो, असे सांगितले. मग त्यांनी कष्टाने घट्टे पडलेले हात दाखवले. ख्रिस्ताचे राज्य कसले, या प्रश्नावर ते पृथ्वीवरचे नसून युगाच्या अंती प्रकट होणारे आहे, असे उत्तर मिळाल्यावर सम्राटाने त्यांना क्षुल्लक समजून सोडून दिले. हेरोदाप्रमाणेच डोमिशियनलाही ख्रिस्ताच्या येण्याची भीती वाटत होती, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे.

दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक आयरेनियस याच्या म्हणण्याप्रमाणे प्रकटीकरणाचे दर्शन याच डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस घडले. बालपणी वारलेल्या आपल्या मुलाला डोमिशियनने नाण्यांवर पृथ्वीगोलावर बसलेला आणि भोवती सात तारे असलेला दाखवले होते. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात ख्रिस्ताच्या उजव्या हातात सात तारे आहेत. लेखकाने ते नाणे पाहिले होते की नाही हे सिद्ध करण्याची गरज नाही. पृथ्वी आणि तारे कोणाच्या हाती, यावरचा वाद दोन्हीकडे एकाच चित्रभाषेत चालला होता, एवढे लक्षात आले म्हणजे पुरे.

एक उतारा जवळून : टर्टुलियनचे ग्रहण

इथे मराठी वाचकाची एक जमेची बाजू आहे. उच्च, नीच, स्वगृह, युती हे शब्द त्याच्या घरातल्या पंचांगात असतात, आणि या लेखनातील पारिभाषिक जागा त्याला पटकन ओळखता येतात. टर्टुलियनने आफ्रिका प्रांताचा रोमन सुभेदार स्कॅप्युला याला लिहिलेले छोटे पत्र घ्यावे. ख्रिस्ती लोकांचा छळ चालू ठेवल्यास देवाचा कोप होईल, हे सांगताना तो अलीकडच्या घटनांची आठवण करून देतो : कार्थेजच्या तटावर रात्री लोंबकळत राहिलेल्या ज्वाळा आणि उतिका येथे जवळजवळ विझलेला सूर्य. सूर्याविषयी तो पुढे म्हणतो की हे नेहमीचे ग्रहण असणे शक्य नव्हते, कारण सूर्य तेव्हा आपल्या उच्चस्थानी आणि स्वगृही होता; आणि सुभेदाराला सुनावतो की तुमच्याकडे ज्योतिषी आहेतच.

आता पडताळणी करावी. हे ग्रहण १४ ऑगस्ट २१२ चे मानले जाते आणि पत्राचा काळही त्यावरूनच ठरवला जातो. त्या दिवशी रवी सिंह राशीत, म्हणजे स्वगृही होता. आजच्या पंचांगात रवी सिंहेत १७ ऑगस्टच्या सुमारास प्रवेश करतो, म्हणून इथे शंका येऊ शकते. पण सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) आणि निरयन (स्थिर ताऱ्यांपासून मोजलेल्या, पंचांगातल्या) राशींमधले आजचे सुमारे २४ अंशांचे अंतर त्या काळी जेमतेम अंश-दीड अंशाचे होते, त्यामुळे दोन्ही गणनांनी रवी सिंहेतच येतो. मात्र रवीचे उच्चस्थान मेष आहे. एकच ग्रह एकाच दिवशी मेषेत आणि सिंहेत असणार नाही. कदाचित 'उच्च' या शब्दाने टर्टुलियनला मध्यान्हीची उंची अभिप्रेत असेल, कदाचित तो शास्त्रातले दोन भारदस्त शब्द एकत्र वापरत असेल. यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, मूर्तिपूजेवरच्या आपल्या ग्रंथात ज्योतिषावर कडाडून टीका करणारा हा लेखक सुभेदाराला धाक घालताना ज्योतिषाचीच परिभाषा उचलतो. दुसरी, तो त्या शास्त्राच्या आतला माणूस नाही. उताऱ्याचा रोख सुभेदाराकडे आहे. आकाश हे साक्षीदार म्हणून बोलावले आहे.

ही पडताळणी त्या काळचे लेखकही करत. येशूच्या वधस्तंभाच्या वेळी पडलेला अंधार म्हणजे सूर्यग्रहण होते, असे थॅलस नावाच्या इतिहासकाराने म्हटले होते. तिसऱ्या शतकातील ज्युलियस आफ्रिकानसने त्यावर सरळ आक्षेप घेतला की वल्हांडण सण पौर्णिमेला येतो, आणि सूर्यग्रहण अमावस्येशिवाय होत नाही. मुंबईतील बेने इस्राएल कुटुंबांचा वल्हांडण आजही बहुधा चैत्र पौर्णिमेच्या आसपासच येतो, तेव्हा हा युक्तिवाद तपासायला घरचे पंचांगही पुरते.

भाकीत कुठे अडखळते ते शोधावे

राजकीय भाकितांचा काळ ठरवण्याची युक्ती आपल्या पुराणांच्या अभ्यासकांना चांगली ठाऊक आहे. विष्णुपुराणातील राजवंशांची यादी भविष्यकाळात सांगितलेली आहे : नंद होतील, मौर्य होतील, आंध्र होतील. यादी तपशीलवार असते तोवर लेखक घडून गेलेले सांगत असतो. ती जिथे धूसर होते, तिथे त्याचा वर्तमानकाळ असतो. सिबिल या प्राचीन भविष्यवादिनीच्या नावावर यहुदी आणि ख्रिस्ती लेखकांनी रचलेली काव्ये याच पद्धतीने वाचावीत. पाचव्या सर्गाच्या आरंभी रोमन सम्राट नावाने न येता आद्याक्षराच्या संख्यामूल्याने येतात. ग्रीक लिपीत प्रत्येक अक्षराला संख्या असते, अक्षरांनी अंक लिहिण्याच्या आपल्या कटपयादी पद्धतीत असते त्याप्रमाणे. पन्नासचे अक्षर असलेला भयंकर सर्प म्हणजे नीरो. पांढऱ्या केसांचा, समुद्राचे नाव धारण करणारा म्हणजे हेड्रियन, कारण त्याचे नाव एड्रियाटिक समुद्राशी जुळते. हेड्रियनपर्यंत वर्णन नेमके आहे, त्यानंतर ते आटोपते होते.

आठव्या सर्गातील हिशेब तर वहीत मांडून पाहण्यासारखा आहे. तिथे रोमला सांगितले आहे की तू तीन वेळा तीनशे आणि अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण करशील आणि मग तुझ्या नावाची संख्या भरताच तुझा अंत होईल. ग्रीकमध्ये रोम हे नाव चार अक्षरांनी लिहितात : ऱ्हो १००, ओमेगा ८००, म्यू ४०, ईटा ८. बेरीज ९४८ येते. रोमची स्थापना परंपरेने इ.स.पू. ७५३ मध्ये झाली. म्हणजे ९४८वे वर्ष इ.स. १९५ येते. आणि हा सर्ग मार्कस ऑरेलियसच्या काळाशी, म्हणजे १८० पूर्वीच्या दशकाशी जुळतो. लेखकाने शहराचा अंत आपल्या वाचकांच्या हयातीत ठेवला होता.

प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायातील ६६६ ही संख्या याच पद्धतीने, पण हिब्रू अक्षरांनी सोडवली जाते. 'नेरोन केसर' हिब्रूत लिहिले तर ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २०० यांची बेरीज ६६६ होते. शेवटचा 'न' गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा सापडतो, हा या उकलीचा भक्कम पुरावा आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील आयरेनियसला हा पाठभेद माहीत होता. त्याला तो लेखनिकाची चूक वाटला. त्याने स्वतः काही नावे सुचवली, पण कोणत्याही एका नावाचा आग्रह धरू नये, असे बजावले. हाच संयम आजच्या वाचकानेही बाळगावा. या आकड्यांत आजच्या निवडणुका किंवा नेते शोधणे म्हणजे ज्या लोकांनी प्राण धोक्यात घालून हे लिहिले त्यांचे म्हणणे बाजूला सारणे होय. जस्टिन सांगतो की सिबिल, हिस्टास्पेस (ज्याच्या नावावर भाकिते चालत असा प्राचीन इराणी द्रष्टा) किंवा संदेष्ट्यांची पुस्तके वाचणाऱ्याला मृत्युदंड ठरवण्यात आला होता.

एकच वचन दोन दावेदारांना कसे लागू होते, हेही पाहावे. याकोबातून तारा उगवेल आणि इस्राएलातून राजदंड उठेल, हे गणना पुस्तकातील बलामाचे वचन जस्टिन ख्रिस्ताला लावतो. त्याच्याच हयातीत, १३२ ते १३५ या काळात, रोमविरुद्ध बंड करणाऱ्या शिमोनाला लोकांनी याच वचनावरून बार कोखबा, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, असे नाव दिले होते. यहुदियातून जगाचा स्वामी येईल, हे आणखी एक भाकीत यहुदी इतिहासकार जोसेफसने चक्क सम्राट व्हेस्पेशियनला लावले. तेव्हा भाकीत भेटले की कोण, कोणाविरुद्ध आणि कोणत्या वर्षी ते वापरतो, हे आधी नोंदवावे.

चिन्ह की कारण?

यापुढचा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो चुकला तर हे सारे लेखक ढोंगी वाटू लागतात. तारे भावी घटना दाखवतात, असे म्हणणे एक. तारे त्या घडवतात, असे म्हणणे दुसरे. ओरिजेन पहिले मान्य करतो, दुसरे नाही. बेथलेहेमचा तारा धूमकेतूसारखा नवा होता, असे तो ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याला दिलेल्या उत्तरात लिहितो, आणि धूमकेतू राजवटी बदलताना दिसतात, पण कधी कधी शुभ घटनांच्या वेळीही दिसतात, यासाठी केरेमॉन या स्टोइक लेखकाचा आधार घेतो. बृहत्संहितेतील केतुचाराच्या अध्यायातही सगळेच केतू अशुभ नाहीत, हे आपल्याकडच्या वाचकाला आठवेल. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा अंत्युखियाचा बिशप इग्नेशस मात्र त्या ताऱ्याविषयी वेगळेच बोलतो : तो इतर सर्व ताऱ्यांहून तेजस्वी होता, आणि त्याच्या उदयाबरोबर जादूटोण्याची सारी बंधने तुटली. या परंपरेत तारा दैवाची सत्ता संपवण्यासाठी उगवतो.

कारण मानण्याविरुद्धचा सर्वांत रोचक युक्तिवाद एडेसाच्या बार्दायसानच्या (१५४-२२२) संवादात आहे आणि त्यात आपला देश येतो. हिंदुस्थानातील हजारो ब्राह्मण आपल्या नियमानुसार जीवहत्या करत नाहीत, मांस खात नाहीत, मद्य पीत नाहीत. त्या सगळ्यांचा जन्म काही एकाच ग्रहस्थितीत झालेला नाही. त्याच देशातले इतर लोक वेगळे वागतात. म्हणजे माणसाचे आचरण ग्रहांपेक्षा समाजाचा नियम आणि स्वतःची इच्छा यांनी ठरते. याच बार्दायसानने रोमन सम्राटाकडे निघालेल्या भारतीय वकिलातीतील लोकांकडून माहिती घेतल्याचे तत्त्वज्ञ पॉर्फिरी नोंदवतो. ऑगस्टीन दोनशे वर्षांनी जुळ्यांचा आणि एकाच क्षणी जन्मलेल्या धनिकपुत्राचा व दासीपुत्राचा दाखला देतो. तोही वाचावा, पण मला बार्दायसानची मांडणी अधिक रुंद वाटते.

मुदती आणि लांबणीवर टाकलेला अंत

हे सगळे लेखक रोमच्या नाशाची वाट पाहत होते, असे गृहीत धरू नये. टर्टुलियन आपल्या समर्थनपर ग्रंथात उघड लिहितो की आम्ही सम्राटांसाठी प्रार्थना करतो, कारण रोमन साम्राज्य टिकून आहे तोवर जगाच्या अंताची अरिष्टे थोपवली जातात. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस रोमचे नाव पृथ्वीवरून पुसले जाईल आणि सत्ता पुन्हा आशियाकडे जाईल असे सांगतो, पण ते सांगताना आपला थरकाप होतो असेही म्हणतो, आणि तो दिवस लांबावा म्हणून देवाला विनवतो.

मुदत मोजणाऱ्यांचा हेतूही तपासावा. ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटसने २०४ च्या सुमारास दानीएलावरील भाष्यात कराराच्या कोशाच्या लांबी, रुंदी व उंचीची बेरीज साडेपाच हात येते, यावरून ख्रिस्ताचा जन्म सृष्टीच्या ५५००व्या वर्षी ठरवला आणि ६००० वर्षांच्या आयुर्मानातून ५०० वर्षे उरतात असे दाखवले. ही आकडेमोड लोकांना शांत करण्यासाठी होती. त्याच भाष्यात तो सांगतो की सीरियातील एका धर्मपुढाऱ्याने बायकामुलांसह सारी मंडळी ख्रिस्ताला भेटायला रानात नेली आणि सुभेदाराने त्यांना लुटारू समजून मारण्याची वेळ आली. पोंतातील दुसऱ्याने वर्षभरात न्यायाचा दिवस येणार असे सांगितल्यावर लोकांनी शेते पडीक टाकली, मालमत्ता विकली आणि शेवटी ते भिकेला लागले.

म्हणून प्रत्येक मोजणीपुढे दोन वर्षे वहीत लिहावीत : मुदत संपण्याचे वर्ष आणि ग्रंथ लिहिल्याचे वर्ष. हिप्पोलिटसकडे मुदत लेखनापासून जवळजवळ तीनशे वर्षे दूर आहे, तेव्हा तो घाई थांबवू पाहतो. सिबिलच्या आठव्या सर्गात ती अगदी दारात आली आहे, तेव्हा तो धमकी देतो. ऑगस्टीनच्या 'देवनगरी'च्या १८व्या ग्रंथात ती उलटून गेली आहे : ख्रिस्ती धर्म ३६५ वर्षेच टिकेल, अशी एक देववाणी विरोधकांत फिरत होती, ऑगस्टीनच्या हिशेबाने ती मुदत ३९८ साली भरली, आणि पुढच्याच वर्षी कार्थेजमधील जुन्या देवांची मंदिरे सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी पाडली. तो हे सुमारे तीस वर्षांनी लिहितो, आणि विरोधकांचे भाकीत त्यांच्याच अंगावर उलटवतो.